मुलीसाठी कोर्टाने नेमलेल्या वकिलाच्या बिलावर हरकत कशी घ्यायची? (न्यू जर्सी)

कडीकोयंडा | ४ फेब्रुवारी, रात्री १०:१२

घटस्फोटावर इथे ढीगभर धागे आहेत, पण या विषयावर एकही सापडला नाही, म्हणून नवा काढतोय.

आमची केस न्यू जर्सीत चालू आहे. मुलगी ९ वर्षांची. ताब्यावरून काही केल्या जमेना, तेव्हा न्यायाधीशांनी गेल्या जूनमध्ये मुलीसाठी स्वतंत्र वकील नेमली. म्हणजे माझी एक, बायकोचा एक आणि ही तिसरी, मुलीची. पैसे अर्थातच आम्ही दोघांनी द्यायचे. ऑर्डरमध्ये तासाला ३७५ डॉलर दर, सुरुवातीला प्रत्येकी २,५०० जमा आणि पुढचं निम्मं-निम्मं.

सात महिने तिच्याकडून एक चिटोरं आलं नाही. मागच्या आठवड्यात एकदम १४ पानी बिल. ३०.४ तास, ११,४०० डॉलर. जमा असलेले ५,००० वजा करून ६,४०० बाकी, त्यात माझे ३,२००. तीस दिवसांत भरा म्हणे.

मी हिला नेमलेलं नाही. माझा तिच्याशी करार नाही. आणि कोर्टात तिने जे सांगितलं ते सरळसरळ माझ्याविरुद्ध गेलं, की शाळेच्या दिवसांत मुलीने आईकडेच राहावं. माझ्याविरुद्ध बोलायचे पैसे मीच द्यायचे? ऑफिसातल्या एकाने सांगितलं की बार असोसिएशनच्या, म्हणजे वकिलांच्या संघटनेच्या, फी-लवादाकडे जा. कुणी गेलंय का?

तिसरी_घंटा | ४ फेब्रुवारी, रात्री १०:४०

करार नाही ना? मग भरू नका. विषय संपला.

उंबरठा | ४ फेब्रुवारी, रात्री ११:०५

@तिसरी_घंटा, दुसऱ्याच्या जिवावर असले सल्ले देऊ नका हो. करार नाही, पण ऑर्डर आहे, आणि ऑर्डर करारापेक्षा जड असते. भरले नाहीत तर ती वकील अंमलबजावणीची मोशन (कोर्टाकडे लेखी अर्ज) टाकेल, आणि त्या मोशनचा खर्चही यांच्याच बोडक्यावर येऊ शकतो. शिवाय ताब्याचा निकाल द्यायचा बाकी असलेल्या न्यायाधीशासमोर हे ऑर्डर न पाळणारे म्हणून उभे राहणार. कसं दिसेल ते?

फायलीतली_मुंगी | ५ फेब्रुवारी, सकाळी ७:२०

मी वकील नाही. बारा वर्षं कौटुंबिक केसेस करणाऱ्या ऑफिसात पॅरालीगल (वकिलांची मदतनीस) आहे, न्यू जर्सीतच. तेवढ्याच हक्काने लिहितेय, अंतिम शब्द तुमच्या वकिलाचा.

आधी लवाद. आपल्या राज्यात फी-लवादाच्या समित्या बार असोसिएशनच्या नसतात, राज्याच्या सुप्रीम कोर्टाच्या यंत्रणेत येतात. तुमच्या स्वतःच्या वकिलाचं बिल पटलं नाही तर तिथे जाता येतं. पण जी फी कोर्टच एखाद्या नियमाखाली ठरवतं किंवा ठरवणार आहे, ती त्या समितीच्या कक्षेबाहेर. तुमची याच वर्गातली. तो दरवाजा बंद समजा. तुम्हाला त्याच न्यायाधीशांपुढे जावं लागेल ज्यांनी ती वकील नेमली.

आता ऑर्डर काढा आणि कोणत्या नियमाखाली नेमणूक झाली ते बघा. ५:८ए की ५:८बी? दिसायला एका अक्षराचा फरक. ए म्हणजे मुलीची वकील, तिची सेवा मुलीसाठी. बी म्हणजे गार्डियन ॲड लायटम, त्याची सेवा कोर्टासाठी, तो चौकशी करून अहवाल देतो. बी असेल तर नियमातच लिहिलंय की तासाचा दर पहिल्या ऑर्डरमध्ये ठरवायचा आणि दर महिन्याला दोन्ही पक्षांना हिशेब पाठवायचा. ए मध्ये मात्र एवढंच आहे की कोर्ट एका किंवा दोन्ही पालकांवर फी लावू शकतं. त्यामुळे ए असेल तर सगळं तुमच्या ऑर्डरच्या शब्दांवर. ते शब्द इथे टाका, नावं खोडून.

प्रशासन | ५ फेब्रुवारी, सकाळी ९:००

मूळ पोस्टमधून काउंटी आणि न्यायाधीशांचं नाव काढलं आहे. केस चालू आहे. मुलांची, वकिलांची, न्यायाधीशांची नावं कृपया लिहू नयेत.

कडीकोयंडा | ५ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:३५

क्षमस्व, रागात लिहून गेलो.

मुंगीताई, ५:८ए आहे. ऑर्डरमधलं वाक्य साधारण असं: दर ३७५, दरमहा तपशीलवार हिशेब पाठवावा, दोन्ही पक्षांनी ५०-५० टक्के भरावं, आणि अंतिम सुनावणीच्या वेळी हे प्रमाण बदलण्याचा अधिकार कोर्टाकडे राखून. म्हणजे दरमहा हिशेब पाठवायचं लिहिलेलं आहे! आणि तिने सात महिन्यांत एकदाही पाठवला नाही. हे सुटलंच होतं माझ्या नजरेतून.

चिंचबोर | ५ फेब्रुवारी, रात्री ८:१५

कॅलिफोर्नियातून. आमच्याकडे हिला मायनर्स काउन्सेल म्हणतात. फॅमिली कोडच्या कलम ३१५० खाली नेमणूक आणि ३१५३ खाली पैसे. वाजवी रक्कम कोर्ट ठरवतं आणि कोणी किती द्यायचं तेही. पण दोघांचीही ऐपत नाही असं कोर्टाला दिसलं तर तो भाग काउंटी भरते. माझ्या केसमध्ये असंच झालं. त्यासाठी उत्पन्न-खर्चाचा फॉर्म, एफएल-१५०, नीट भरावा लागला, पगाराच्या चिठ्ठ्यांसकट. मी पहिल्यांदा घाईत भरला होता आणि भाड्याचा आकडाच राहिला होता.

शिळोप्याच्या_गप्पा | ५ फेब्रुवारी, रात्री ९:०२

न्यूयॉर्कची तऱ्हा अजून वेगळी. तिथे ॲटर्नी फॉर द चाइल्ड म्हणतात. फॅमिली कोर्टात केस असेल तर पैसे राज्य देतं, १ एप्रिल २०२३ पासून तासाला १५८ डॉलर, आधी कित्येक वर्षं ७५ होते. पण घटस्फोट सुप्रीम कोर्टात चालतो (तिथे सुप्रीम कोर्ट म्हणजे खालचं कोर्ट, हसू नका), आणि ऐपत असलेल्या आईबापांवर तिथे खासगी दराने फी लावतात. एकच शहर, दोन इमारती, दोन हिशेब. आणि लवाद तिथेही नाही. नियम १३७ चा फी-लवाद १,००० ते ५०,००० डॉलरच्या वादांसाठी आहे, पण कोर्टाच्या ऑर्डरने ठरलेली फी त्यातून स्पष्ट वगळलेली.

आणि ते 'माझ्याविरुद्ध बोलली' बद्दल. न्यूयॉर्कचा नियम ७.२ सांगतो की मूल समजून-उमजून मत देण्याइतकं मोठं असेल, तर वकिलाने मुलाच्या इच्छेप्रमाणेच बाजू मांडायची, वकिलाला स्वतःला ते पटो न पटो. तुमचं राज्य वेगळं आहे, पण मुद्दा लक्षात घ्या. ती कदाचित तुमच्या लेकीचंच म्हणणं सांगत असेल.

कडीकोयंडा | ५ फेब्रुवारी, रात्री ९:२०

नऊ वर्षांच्या मुलीला काय कळतं?

शेवंती_सेंट्रल_जर्सी | ५ फेब्रुवारी, रात्री ९:४४

बरंच कळतं. माझा दहा वर्षांचा होता तेव्हा. जाऊ दे, तो वेगळा धागा होईल.

एक स्पष्ट विचारते. तुमची बायको काय करते?

कडीकोयंडा | ५ फेब्रुवारी, रात्री ९:५०

एच-४ वर आहे, म्हणजे माझ्या व्हिसावर आलेली जोडीदार. माझं आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनीचा अर्ज) अजून मंजूर झालेलं नाही, त्यामुळे तिला ईएडी (कामाचा परवाना) नाही. नोकरी नाही. का?

शेवंती_सेंट्रल_जर्सी | ५ फेब्रुवारी, रात्री १०:०३

का म्हणजे? अहो, ज्या बाईला कायद्याने नोकरी करता येत नाही तिच्या माथी निम्मं बिल आहे, आणि तक्रार तुम्ही करताय? तुमच्या ऑर्डरमध्ये प्रमाण बदलण्याचा अधिकार राखून ठेवलाय असं तुम्हीच लिहिलंत. तुम्ही मोशन टाकलीत की तिचा वकील लगेच उलट मोशन टाकणार, की प्रमाण उत्पन्नाप्रमाणे करा. मग ५०-५० चं ९०-१० झालं तर ६,४०० पैकी ५,७६० तुमचे. बिलातून हजार डॉलर कमी करून घ्यायला जाल आणि अडीच हजार जास्त भरून याल.

उंबरठा | ५ फेब्रुवारी, रात्री १०:१०

+१. हे मला सुचलंच नव्हतं.

तिसरी_घंटा | ५ फेब्रुवारी, रात्री १०:२२

बायकांची बाजू घ्यायला सगळे तयार. वडिलांना कोर्टात कोणी विचारत नाही, वर दंडही त्यांनाच.

फायलीतली_मुंगी | ६ फेब्रुवारी, सकाळी ७:०५

@तिसरी_घंटा, दंड नाहीये तो. शेवंतीने उत्पन्नाचं गणित सांगितलं आणि ते बरोबर आहे. हाच प्रश्न एखाद्या कमावत्या बाईने विचारला असता तरी तेच सांगितलं असतं. मागच्या वर्षी आमच्याकडे एक डॉक्टरीण होती, तिच्यावर तीन चतुर्थांश आलं.

कडीकोयंडा, थोडं सविस्तर लिहिते, कारण हे प्रत्येक केसमध्ये होतं. माणूस वकिलाशी भांडतो, जेव्हा वाचायची असते ऑर्डर आणि बिल. 'तिने चुकीचं सांगितलं', 'ती पक्षपाती आहे', 'मुलीला नीट भेटली नाही' यातलं काहीही फीच्या हरकतीत लिहू नका. ती ताब्याच्या सुनावणीतली गोष्ट, तिथे तुमच्या वकिलाला मांडू दे. फीच्या हरकतीत न्यायाधीशाने 'माझ्याविरुद्ध गेली म्हणून पैसे देत नाही' असा वास घेतला की पुढची पानं तो नुसती उलटतो.

तिथे विचार एवढाच होतो की तास वाजवी आहेत का, काम ऑर्डरच्या चौकटीतलं आहे का, दर ठरला तोच लावलाय का, आणि कोणी किती द्यायचं. वाजवी म्हणजे काय ते आपल्या राज्यात वकिलांच्या आचारनियमात, आरपीसी १.५ मध्ये, दिलंय: लागलेला वेळ, कामाची अवघडता, त्या भागातला प्रचलित दर, वकिलाचा अनुभव वगैरे. दर तुमच्या ऑर्डरमध्येच आहे, तो मुद्दा गेला. प्रमाणाला हात लावू नका, का ते शेवंतीने सांगितलं. उरले तास.

बिलातल्या नोंदी टाका. ०.१ म्हणजे सहा मिनिटं, हे माहीत असेलच.

कडीकोयंडा | ६ फेब्रुवारी, रात्री ११:३०

दोन तास बसून एक्सेलमध्ये उतरवलं. खटकलेल्या नोंदी:

फाइल लावणे, प्रती काढणे, ०.८, पूर्ण दराने. म्हणजे झेरॉक्सचे ३०० डॉलर.

१४ ऑक्टोबरला 'आईच्या वकिलाशी फोन, ०.६'. त्याच दिवशी खाली परत तेच, ०.६.

तहकूब झालेल्या तारखेला कोर्टात जाणं-येणं, २.२.

'केसची तयारी, फोन, पत्रव्यवहार, कायदेशीर संशोधन, ५.५'. सगळं एका ओळीत.

माझ्या आईचे मराठी व्हॉट्सॲप मेसेज, त्यांचं भाषांतर वाचणे, १.४. (आई मुलीला रोज सकाळी लांबलचक सुप्रभात पाठवते. ते वाचायला १.४ तास!)

मुलीशी भेट, ०.९ आणि १.१.

आणि 'वडिलांची ईमेल वाचली, ०.२'. हे ४१ वेळा.

शिळोप्याच्या_गप्पा | ६ फेब्रुवारी, रात्री ११:४१

४१ गुणिले ०.२ म्हणजे ८.२ तास. ३,०७५ डॉलर. साहेब, बिलाचा पाव हिस्सा तुमच्या बोटांनी टाइप केलाय.

कडीकोयंडा | ६ फेब्रुवारी, रात्री ११:५५

मला वाटलं मुलीबद्दल जितकं तिला कळवू तितकं बरं. शाळेतलं, दाताच्या डॉक्टरचं, सगळं कळवत होतो. कोणी सांगितलं नाही की मीटर चालू आहे.

फायलीतली_मुंगी | ७ फेब्रुवारी, सकाळी ६:५०

नेमकं यासाठीच दरमहा हिशेब पाठवायचा असतो! जुलैचं बिल ऑगस्टमध्ये हातात पडलं असतं तर सप्टेंबरपासून तुमच्या ईमेल थांबल्या असत्या. तुमच्या हरकतीतला सगळ्यात भक्कम मुद्दा हाच आहे. बिल फुगलं असं म्हणण्यापेक्षा हे म्हणा की ऑर्डरप्रमाणे महिन्याला कळलं असतं तर खर्च आवरता आला असता. ती तिची चूक आहे आणि कागदावर दिसतेय.

बाकीच्यांत:

दुहेरी फोन, नक्की मागा. झेरॉक्स हे कारकुनी काम, वकिलाच्या दराने लावू नये, मागा. प्रवास पूर्ण दराने लावावा की अर्ध्या, यावर न्यायाधीशांची मतं वेगवेगळी असतात, अर्धा मागून बघा. साडेपाच तासांची खिचडी, त्याला ब्लॉक बिलिंग म्हणतात, कशाला किती वेळ लागला ते फोडून मागा. फोडताना पुष्कळदा आकडा आपोआप खाली येतो.

आजीचे मेसेज सोडा. ते तुमच्याच बाजूने पुरावा म्हणून दिले गेले असतील ना? मग वाचायला वेळ लागणारच.

मुलीशी झालेल्या भेटींना हात लावू नका. 'भेटली फक्त दोनदा' आणि 'भेटींचे तास जास्त लावले' हे दोन्ही एका तोंडाने बोलता येत नाही. शिवाय तिथे काय बोलणं झालं तो तपशील बिलात नसेल, मागूही नका. ते मुलगी आणि तिची वकील यांच्यातलं.

कडीकोयंडा | ७ फेब्रुवारी, दुपारी १:१५

मेसेज मीच दिले होते. बरं. म्हणजे मोशन टाकू?

उंबरठा | ७ फेब्रुवारी, दुपारी १:४०

थांबा. तुमची वकील तासाला किती घेते?

कडीकोयंडा | ७ फेब्रुवारी, दुपारी १:४४

४२५.

उंबरठा | ७ फेब्रुवारी, दुपारी २:१०

मोशन लिहिणं, प्रतिज्ञापत्र, उत्तराला उत्तर, सुनावणी, पाच तास धरा. २,१२५. आणि समजा हजार-बाराशे कमी झाले तर त्यातले निम्मेच तुमचे, निम्मे बायकोचे. सहाशे वाचवायला दोन हजार. मी माझ्या वेळी हेच केलं होतं, आणि जिंकलोही होतो! जिंकल्यावर वकिलाचं बिल आलं तेव्हा हिशेब कळला.

आधी पत्र पाठवा. साधं, एक पान, नोंदींचे तक्ते आणि तारखा. राग बिलकुल नको. तुमच्या वकिलाकडून जाऊ दे, पण मसुदा तुम्ही लिहा म्हणजे तिचा अर्धा तासच लागेल.

फायलीतली_मुंगी | ७ फेब्रुवारी, दुपारी ३:३०

बरोबर. आणि पत्रात लिहा की वादात नसलेली रक्कम तुम्ही वेळेत भरताय. ती खरंच भरा. पुढे न्यायाधीशांसमोर जायची वेळ आली तर 'याने काहीच भरलं नाही' आणि 'याने वाद नसलेलं सगळं भरलं' यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. ती ऐकली नाही आणि कोर्टाकडून फी मंजूर करून घ्यायला गेली, तर तिला तासांचं प्रतिज्ञापत्र, ॲफिडेव्हिट ऑफ सर्व्हिसेस, जोडावं लागेल. तेव्हा लेखी हरकत घ्या. ती मोशनपेक्षा स्वस्त पडते.

विदर्भाचा_वाघ्या | ८ फेब्रुवारी, सकाळी ८:००

शिकागोहून वाचतोय. इलिनॉयमध्ये हे सगळं कायद्यातच बांधून टाकलंय, कलम ५०६. नेमलेल्या वकिलाने दर ९० दिवसांनी तपशीलवार बिल कोर्टात दाखल करायचं, प्रत दोन्ही पक्षांना, आणि न्यायाधीशाने ते वाजवी व आवश्यक आहे का ते तपासून मंजूर करायचं. तरी आमच्या केसमध्ये ते दोनदा राहिलंच, आम्हीच आठवण करून दिली.

एक अजून, कोणी दिवाळखोरीचा विचार करत असेल तर. त्याच कलमात म्हटलंय की ही फी मुलाच्या पोटगीच्या स्वरूपाची मानली जाईल, दिवाळखोरीत माफ होणार नाही.

कडीकोयंडा | ३ मार्च, रात्री ९:१५

अपडेट देतो, नाहीतर धागे असेच लटकत राहतात.

पत्र पाठवलं. वाद नसलेल्या तासांतला माझा वाटा त्याच दिवशी चेकने भरला. आठ दिवस काही नाही. मग तिचा फोन माझ्या वकिलाला आला. मासिक हिशेब राहिला हे तिने सरळ मान्य केलं, ऑफिसात माणूस बदलला होता म्हणे. दुहेरी फोनचे ०.६ काढले, झेरॉक्सचे ०.८ काढले, प्रवास अर्धा केला म्हणजे १.१, आणि खिचडी फोडताना ०.९ स्वतःहून कमी झाले. एकूण ३.४ तास, १,२७५ डॉलर. माझा वाटा ३,२०० वरून २,५६२.५०. ईमेलच्या ८.२ तासांना तिने हात लावू दिला नाही. मीही ताणलं नाही.

माझ्या वकिलाने पत्रासाठी ०.५ लावले.

प्रमाणाचा विषय मी काढला नाही. अंतिम सुनावणीत निघेलच, तेव्हा बघू. बिलात बायकोचेही तितकेच कमी झालेत, हे तिला माझ्याकडून नाही, तिच्या वकिलाकडून कळलं असणार.

शेवंती_सेंट्रल_जर्सी | ३ मार्च, रात्री ९:४०

चांगलं झालं. ईमेल थांबवल्या की नाही?

कडीकोयंडा | ३ मार्च, रात्री ९:४३

आठवड्याला एक. रविवारी.

गोदाकाठ | ११ मार्च, दुपारी १२:२०

धागा वर काढतेय. आम्ही टेक्ससात. पुढच्या गुरुवारी सुनावणी आहे, न्यायाधीश मुलासाठी अमायकस ॲटर्नी नेमणार असं दिसतंय. अजून ऑर्डर झालेली नाही. आत्ताच काही मागून ठेवता येईल का?

फायलीतली_मुंगी | ११ मार्च, संध्याकाळी ५:५०

तुम्ही योग्य वेळी विचारताय, बहुतेक जण बिल आल्यावर येतात. टेक्सस माझं राज्य नाही, वकिलाशी बोला. तिथे फॅमिली कोडचं १०७.०२३ बघायला सांगा: फी वाजवी हवी, त्या काउंटीत अशा कामाला जी प्रचलित फी असते तिच्या आधाराने कोर्ट ती ठरवतं, आणि केसमधल्या एका किंवा अधिक पक्षांनी ती भरायची. आधी अनामत भरायला लावू शकतात. आणि अमायकस म्हणजे मुलाचा वकील नव्हे, तो मुलाच्या हितासाठी कोर्टाला मदत करतो. मुलाचं म्हणणं तो जसंच्या तसं मांडेल असं धरून चालू नका.

ऑर्डरमध्ये लिहून मागा: तासाचा दर, दर महिन्याला तपशीलवार हिशेब, अमुक रकमेच्या वर जायचं तर आधी कोर्टाची परवानगी, बिल आल्यापासून किती दिवसांत हरकत घ्यायची, आणि प्रमाण उत्पन्नावर. शेवटचं तुमच्या सोयीचं असेल तरच.

गोदाकाठ | ११ मार्च, संध्याकाळी ६:३०

माझा पगार त्याच्या निम्मा आहे, म्हणजे सोयीचंच. वकिलाला आजच पाठवते. गुरुवारी काय होतं ते इथे लिहीन.